चेहऱ्याचे मोजमाप आणि मोजणाऱ्याचा हात : मुखशल्यसंशोधनातील मापनदोषाचा ऐतिहासिक विचार

१

जांब येथे इ. स. १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेच्या निरूपणास दिला आहे. हे गाव आज जांब समर्थ या नावाने ओळखले जाते व जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात मोडते. ग्रंथ उतरवून घेणाऱ्याकडून त्या समासात ज्या गुणांची अपेक्षा केली आहे, त्यांत एक असा की, पहिल्या अक्षरापासून ग्रंथसमाप्तीपर्यंत सर्व मजकूर एकाच टाकाने लिहिला आहे असे पाहणाऱ्यास वाटावे. ग्रंथ हातानेच उतरवले जात त्या काळी लिहिणाऱ्याचा हात हा ग्रंथाच्या शुद्धतेचाच एक भाग होता. दिवस उलटला, हात थकला, टाक बदलला, तरी अक्षर बदलू नये, ही अट त्यामुळे केवळ सौंदर्याची नव्हती.

मोजमापावर उभ्या असलेल्या प्रत्येक शास्त्राला हीच अट लागू पडते. मुखाच्या व जबड्याच्या शल्यचिकित्सेतील संशोधन हे त्याचे विशेष बोलके उदाहरण होय. चेहऱ्यावरून घेतलेला आकडा अंशतः चेहऱ्याचा असतो आणि अंशतः मोजणाऱ्याच्या हाताचा. हाताचा वाटा किती हे ठरविल्यावाचून दोन चेहऱ्यांतील, दोन समाजांतील किंवा दोन शस्त्रक्रियांतील फरकाविषयी केलेल्या विधानाला आधार राहत नाही. आज हे तत्त्व सर्वमान्य झाले आहे. परंतु ते हाती येण्यास दीर्घ काळ लागला, आणि त्या वाटचालीतील काही महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्राच्या भूमीवर किंवा मराठी अभ्यासकांच्या लेखनात आढळतात. प्रस्तुत निबंधात त्या टप्प्यांचा क्रमाने विचार केला आहे.

२

तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकण्याचे काम करणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. पुढे १७९३ साली पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील क्रूसो व फिंडले या दोन डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात तिचे वर्णन चित्रासह प्रसिद्ध झाले. ते वाचून प्रेरित झालेल्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनला तीच पद्धत वापरली व १८१६ मध्ये आपल्या दोन शस्त्रक्रियांचा वृत्तांत छापला. चेहऱ्याच्या पुनर्रचनेच्या आधुनिक शल्यशास्त्राचा आरंभ पुष्कळदा येथून मानला जातो.

शल्यशास्त्राच्या इतिहासकारांनी या घटनेकडे कातडी जगविण्याच्या कौशल्याचे उदाहरण म्हणून पाहिले आहे. मापनाच्या दृष्टीने पाहता तिच्यातील सर्वांत लक्षणीय वस्तू म्हणजे मेणाची पातळ पट्टी. कारागिराने ती उरलेल्या नाकावर बसवून तिला नाकाचा आकार दिला, मग ती सपाट करून कपाळावर ठेवली, तिच्या कडेने रेघ ओढली आणि त्या रेघेवरून कातडी सोडवली. दोन भुवयांमधला अरुंद दुवा मात्र जोडलेला ठेवला. तो सुमारे २५ व्या दिवशी कापण्यात आला. सुश्रुतसंहितेत याच कामासाठी नाकाच्या मापाचे झाडाचे पान घेण्यास सांगितले आहे. पान असो की मेण, दोहोंचे कार्य एकच आहे: ज्या जागी मोजायचे ती जागा व जिथून कापायचे ती जागा यांच्यामध्ये एकच माप, आकड्याचा आश्रय न घेता, जसेच्या तसे वाहून नेणे.

या रीतीचा मोठा लाभ असा की, मापाची परीक्षा तत्काळ होते. पट्टी चुकली तर नाक चुकते आणि ते रुग्णास, कारागिरास व पाहणाऱ्यास सारखेच दिसते. तथापि तिची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. कातडी सोडविल्यावर आकसते, म्हणून मेणाबरहुकूम कापलेला भाग जागेवर बसताना लहान पडतो. येथे प्रत्येक वेळी एकाच दिशेने होणारी चूक आहे. अनुभवी हात ती ओळखून थोडी जास्त कातडी घेतो. पण किती जास्त, हे त्या हातातच राहते, दुसऱ्यास सांगता येत नाही. १७९४ च्या वृत्तांतात कृती तपशिलाने आली आहे, मात्र एकही माप आलेले नाही. एका यशस्वी रुग्णाचे चित्र मिळाले. अशा किती नाकांपैकी किती नाके टिकली व किती आकसली, हे कळण्याचा मार्ग त्यातून मिळाला नाही. जे ज्ञान हातातून हाती जाते त्याला आकडा लागत नाही. कागदावरून जे जायचे त्याला तो लागतो.

३

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकडा आला, आणि तो भरपूर आला. हर्बर्ट रिझली यांनी १८८६ पासून बंगाल व उत्तर हिंदुस्थानात सुमारे ६,००० व्यक्तींची मोजमापे करविली व १८९१ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांच्या विवेचनात नासिकानिर्देशांकाला, म्हणजे नाकाच्या रुंदीला उंचीने भागून १०० ने गुणल्यावर येणाऱ्या संख्येला, सर्वाधिक महत्त्व होते. जातीचा सामाजिक दर्जा जसजसा वाढतो तसतसा हा निर्देशांक घटतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. पुढे १९०१ च्या शिरगणतीचे ते आयुक्त झाले आणि ‘द पीपल ऑफ इंडिया’ या १९०८ च्या ग्रंथामुळे त्यांचे मत दूरवर पसरले.

या निर्देशांकाची घडण तपासली असता त्यातील धोका ध्यानात येतो. नाकाची रुंदी दोन नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडांमध्ये मोजतात. तिथे कॅलिपर किंचित अधिक दाबले तर मऊ भाग आत जातो. उंची नाकाच्या मुळापासून मोजतात, आणि हे मूळ म्हणजे कातडीखालील दोन अस्थींचा सांधा होय. कवटीवर तो डोळ्यांना दिसतो. जिवंत माणसात तो बोटाने चाचपून ठरवावा लागतो. समजा, एखाद्या नाकाची रुंदी ३६ मिलिमीटर आहे. उंची ४८ मिलिमीटर घेतली तर निर्देशांक ७५ येतो. मोजणाऱ्याने मूळ ३ मिलिमीटर खाली धरले तर तोच निर्देशांक ८० होतो. प्रचलित वर्गीकरणात ७० च्या खालील नाक ‘अरुंद’ व ७० ते ८५ मधील ‘मध्यम’ समजले जाई. त्याच रुंदीच्या नाकाची उंची ५१ असता निर्देशांक ७०·६ येतो आणि ५२ असता ६९·२. एका मिलिमीटरच्या फरकाने माणसाचा वर्ग बदलतो. भागाकारामुळे दोन मापांतील चुका एकत्र येतात, आणि दशांश चिन्हापुढील अंकामुळे त्या चुकांना अचूकतेचे रूप मिळते.

चूक दोन प्रकारची असते व तिचे परिणाम परस्परांहून निराळे असतात, हे येथे ध्यानी घ्यावे लागते. एकच हात कधी वर, कधी खाली घसरत असेल तर मापे विखुरतात, आणि असलेला संबंधही फिका दिसू लागतो. परंतु एक मोजणारा नेहमी वर व दुसरा नेहमी खाली धरत असेल, आणि पहिल्याच्या वाट्यास एक समाज व दुसऱ्याच्या वाट्यास दुसरा समाज आला असेल, तर मुळात नसलेला फरक कागदावर उभा राहतो. पहिली चूक सत्य झाकते, दुसरी असत्य निर्माण करते. माणसांची संख्या वाढविल्याने दुसरीवर काहीच इलाज होत नाही. उलट सहा हजारांच्या भाराने ती अधिक खरी वाटू लागते.

४

या प्रश्नाला शास्त्रीय वळण मिळण्यास नागपूर येथील एक भेट कारणीभूत झाली. १९२० साली तेथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात प्राणिसर्वेक्षण विभागाचे प्रमुख नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या मोजमापांचे विश्लेषण करण्याचे काम प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याकडे सोपविले. महालनोबिस तेव्हा पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्या कामातून १९२२ चा त्यांचा पहिला मानवमितीविषयक निबंध निघाला आणि एक पदार्थवैज्ञानिक संख्याशास्त्राकडे वळला. पदार्थविज्ञानात कोणतेही माप त्याच्या संभाव्य चुकीसह नोंदविण्याची शिस्त आधीच रूढ होती. तीच त्यांनी माणसाच्या मापांना लावली.

१९२८ मध्ये ‘बायोमेट्रिका’त प्रसिद्ध झालेल्या निबंधात महालनोबिस यांनी जिवंत माणसांवरील मोजमापांच्या प्रमाणीकरणाची आवश्यकता प्रतिपादिली. निरनिराळ्या संशोधकांनी एकाच नावाच्या मापाच्या केलेल्या व्याख्या शेजारी शेजारी ठेवल्या की त्यांतील भिन्नता उघड होते. नाव समान म्हणून मापही समान, असे गृहीत धरता येत नाही. १९३३ मध्ये ‘सांख्य’ या त्रैमासिकात त्यांनी रिझली यांच्या बंगालमधील आकड्यांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. छापलेली मूळ मापे व त्यांवरून काढलेले निर्देशांक परस्परांशी ताडून पाहणे ही तिची एक मुख्य युक्ती होती. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे गणिताची, नकलेची किंवा छपाईची चूक असली पाहिजे. दप्तरातील आकडाही नक्कलकाराच्या हातून गेलेला असतो, ही गोष्ट या तपासणीने संख्येच्या भाषेत दाखवून दिली.

त्याच सुमारास मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे प्राध्यापक गोविंद सदाशिव घुर्ये यांनी ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या १९३२ च्या ग्रंथात रिझली यांचा सिद्धान्त निराळ्या बाजूने तपासला. मालवणला जन्मलेल्या घुर्ये यांनी उपलब्ध निर्देशांक प्रांतवार मांडले. उच्चनीचतेची उतरंड व नासिकानिर्देशांक यांची जी जोडी संयुक्त प्रांतात दिसते, ती महाराष्ट्रासह इतर भागांत तशी दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. डॉ. भीमराव आंबेडकर यांनी अस्पृश्यतेच्या उगमाविषयीच्या आपल्या १९४८ च्या ग्रंथात हीच मांडणी आधारास घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशांचे आहेत या मताचे खंडन केले. ज्या आकड्यांनी माणसांची प्रतवारी लावली गेली, त्याच आकड्यांनी ती मोडली.

या खंडनाचे बळ मापनाच्या दृष्टीनेही पाहण्याजोगे आहे. एका प्रांतातील समाजांची तुलना करताना मोजणारे व त्यांची रीत बहुधा समान असते. दोन प्रांतांची तुलना करताना माणसांतील फरकाबरोबर हातांतील फरकही मिसळतो. म्हणून प्रांताच्या आतील तुलना अधिक निर्धोक ठरते. या तुलनेतच जेव्हा सिद्धान्त टिकत नाही, तेव्हा त्याच्या सार्वत्रिकतेचा दावा सोडावा लागतो. शिवाय फरक आहे असे जो म्हणतो, तो फरक हाताच्या चुकीहून मोठा आहे हे दाखविण्याचे दायित्व त्याच्यावरच येते. रिझली यांनी ते पार पाडले नव्हते.

पुढील काळात मानवशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ यांच्या सहकार्यावर भर आला. उत्तर प्रदेशातील १९४१ च्या मोजमापांवरील महालनोबिस, मजुमदार व राव यांचा अहवाल १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापाठोपाठ १९५१ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इरावती कर्वे व वि. म. दांडेकर यांचा महाराष्ट्रातील मानवमितीवरील ग्रंथ काढला. मानवशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ यांची नावे एकाच मुखपृष्ठावर येणे हा त्या काळातील बदलाचा पुरावा मानता येईल.

५

मानवमितीचे कॅलिपर पुढे शल्यविशारदाच्या हाती आले. टोरोंटो येथील लेस्ली फार्कस यांच्या १९८१ च्या ग्रंथाने डोके व चेहरा यांची मानवमिती वैद्यकाच्या कक्षेत व्यवस्थितपणे आणली. तत्पूर्वी १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट व जर्मनीत होफ्राथ यांनी डोके ठरावीक स्थितीत धरून क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत स्वतंत्रपणे मांडली होती. त्यामुळे कातडीआडची हाडे दिसू लागली आणि जबड्याची शस्त्रक्रिया मिलिमीटरच्या भाषेत बोलू लागली. डोके ठरावीक स्थितीत धरले म्हणून बिंदू निश्चित झाले, असे मात्र झाले नाही. बाउमरिंड व फ्रँट्झ यांनी १९७१ मध्ये दाखविले की, क्ष-किरण चित्रावरील प्रत्येक बिंदूच्या चुकीला तिचा स्वतःचा आकार असतो. वक्र कडेवरील बिंदू त्या कडेच्या दिशेने अधिक घसरतो, आडव्या दिशेने कमी. त्रिमितीय चित्रणाच्या आजच्या युगातही बिंदू कोठे ठेवावा हे बहुधा माणूसच ठरवितो, म्हणून ही बाब कालबाह्य झालेली नाही.

चूक मोजण्याची जी रीत या क्षेत्रात सर्वाधिक रूढ झाली ती स्वीडनचे गुन्नार डालबर्ग यांच्या १९४० च्या ग्रंथातील होय. तीच चित्रे दोनदा मोजावीत, प्रत्येक जोडीतील फरकाचा वर्ग करावा, त्या वर्गांची बेरीज जोड्यांच्या दुप्पट संख्येने भागावी व वर्गमूळ काढावे. दुप्पट एवढ्याचसाठी की, प्रत्येक फरकात दोन मापांच्या दोन चुका सामावलेल्या असतात. कल्पनेदाखल दहा चित्रे घेऊ. दुसऱ्या वेळचे माप पाचांत १ मिलिमीटर अधिक व पाचांत १ मिलिमीटर कमी आले, तर या सूत्राने चूक ०·७ मिलिमीटर येते. दुसऱ्या वेळचे माप दहाही चित्रांत १ मिलिमीटर अधिक आले, तरीही उत्तर ०·७ च. पहिल्या प्रसंगी हात डळमळीत आहे. तिथे अनेक मापांची सरासरी घेणे हा उपाय होय. दुसऱ्या प्रसंगी हात स्थिर आहे, परंतु बिंदूची व्याख्या मधल्या काळात सरकली आहे. तिथे कितीही सरासऱ्या घेतल्या तरी उपयोग नाही. या दोहोंची फारकत करण्याची निकड डब्ल्यू. जे. बी. ह्यूस्टन यांनी १९८३ च्या निबंधात दंतव्यंगोपचाराच्या संशोधकांपुढे ठेवली.

दुसऱ्या प्रसंगी दोन मापमालिकांचा सहसंबंध पूर्ण, म्हणजे १ येतो, हेही लक्षात ठेवावे लागते. सहसंबंध उत्तम म्हणून मापे जुळतात, हा समज अनेक प्रबंधांत दीर्घकाळ वावरला. ब्लँड व ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मधील निबंधात त्याचे निराकरण केले. फरकांची सरासरी व तिच्या दोन्ही बाजूंना फरकांच्या प्रमाण विचलनाची १·९६ पट, एवढी मर्यादा त्यांनी सुचविली. वरील पहिल्या उदाहरणात ही मर्यादा दोन्ही बाजूंना सुमारे २ मिलिमीटर येते. याचा अर्थ असा की, वरचा जबडा पुढे आणल्यावर वर्षाने तो १·५ मिलिमीटर मागे गेल्याचे एखाद्या रुग्णाच्या चित्रावरून दिसले, तर तो जबडा सरकला की पेन्सिल सरकली हे त्या मोजणाऱ्यास सांगता येणार नाही.

६

विश्वसनीयता एका गुणांकाने सांगण्याची प्रथा आहे. मापांतील एकूण विविधतेपैकी किती हिस्सा माणसामाणसांतील खऱ्या फरकाचा आहे, हे तो गुणांक सांगतो. त्याचा एक स्वभावदोष विद्यार्थ्यांनी ओळखावयास हवा. हाताची चूक तीच ठेवून रुग्णांचा गट बदलला की गुणांक बदलतो. चुकीचे प्रचरण, म्हणजे विचलनांच्या वर्गांची सरासरी, १ असता गटातील खरे प्रचरण ९ असेल तर गुणांक ०·९ येतो. खरे प्रचरण १ असेल तर ०·५. लहान मुले व प्रौढ एकत्र मोजले तर जबड्याच्या लांबीची विश्वसनीयता आपोआप उत्तम दिसते. म्हणून गुणांकाबरोबर चूक मिलिमीटरमध्येही सांगणे आवश्यक ठरते.

जिथे मोजायचे नसून पारखायचे असते, तिथे प्रश्न अधिक बिकट होतो. दुभंगलेल्या ओठाच्या व टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर चेहरा कसा दिसतो, दातांच्या कमानी कशा बसल्या, हे श्रेणी लावूनच सांगावे लागते. दोन परीक्षकांचे एकमत योगायोगाने जेवढे झाले असते त्याहून किती अधिक आहे, हे काढण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये कप्पा हा गुणांक दिला. १९८७ मध्ये मायकेल मार्स व सहकाऱ्यांनी दातांच्या प्लास्टरच्या साच्यांसाठी पाच श्रेणींची गॉसलॉन मोजपट्टी तयार केली. उत्तर युरोपातील सहा केंद्रांच्या १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तिचा उपयोग झाला. या रीतीचे मर्म असे की, सर्व केंद्रांचे साचे त्याच परीक्षकांपुढे ठेवले जातात. साचा कोणत्या केंद्राचा हे त्यांना सांगितले जात नाही आणि काही काळाने तेच साचे पुन्हा पारखून घेतले जातात. प्रांताप्रांतांच्या तुलनेत हातांची जी सरमिसळ झाली होती, ती रुग्णालयारुग्णालयांच्या तुलनेत टाळण्याची ही व्यवस्था आहे.

येथे दासबोधातील त्या लेखकाची उपमा पुन्हा उपयोगी पडते, आणि तिची मर्यादाही दिसते. एकसारखे अक्षर ही नकलेची पहिली अट आहे, शेवटची नव्हे. मुळातील ओळ गाळलेली प्रतही आरंभापासून अखेरपर्यंत सुंदर व एकसारखी असू शकते. तद्वत नाकाचे मूळ प्रत्येक वेळी ३ मिलिमीटर खाली धरणारा हात विश्वसनीय आहे, परंतु यथार्थ नाही. विश्वसनीयता हाताची हाताशी तुलना करून कळते. यथार्थता कळण्यासाठी हाताबाहेरच्या एखाद्या प्रमाणाशी ताडून पाहावे लागते.

७

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष व्यवहाराचा आहे. बिंदूची व्याख्या, मोजणाऱ्यांची संख्या, पुनर्मापनातील अंतर, पुनर्मापन करणाऱ्यास पहिले आकडे ठाऊक होते की नाही, एकाच दिशेने होणारी चूक आणि विखुरणारी चूक यांचे स्वतंत्र आकडे, व त्यांवरून ओळखता येणारा लहानांत लहान फरक, एवढ्या गोष्टी प्रत्येक प्रबंधात निष्कर्षापूर्वी यावयास हव्यात. यांसाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. वीस-तीस चित्रे पुन्हा मोजण्याचे कष्ट लागतात.

हे कष्ट टाळण्याची किंमत संशोधक देत नाही. जांब समर्थसारख्या गावातून ओठ दुभंगलेले मूल शहरातील रुग्णालयात आणले जाते, तेव्हा त्याच्या ओठाचे पहिले माप एक निवासी डॉक्टर घेतो. काही वर्षांनी ते मूल पुन्हा येते तेव्हा तो डॉक्टर तेथे नसतो व माप दुसरा घेतो. त्या दोन हातांतील फरक कोणी काढून ठेवला नसेल, तर नाक वाकडे झाले की नाही, पुढील शस्त्रक्रिया हवी की नको, हा निर्णय अशा दोन आकड्यांच्या वजाबाकीवर उभा राहतो, ज्यांचे परस्परांशी नाते कोणास ठाऊक नाही. रिझली यांच्या कोष्टकांत हीच वजाबाकी समाजांच्या बाबतीत झाली होती. तिच्यामुळे माणसांच्या प्रतवारीला जे शास्त्राचे बळ मिळाले, ते काढून घेण्यास अर्ध्या शतकाचे परिश्रम लागले.